पहिला माणूस कुणाच्या पोटी जन्मला?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. शाळा नुकती उघडलेली असते, बाहेर पावसाची भुरभुर चालू असते आणि निम्म्या मुलांच्या वह्या अजून यायच्या असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, मग पहिला माणूस कुणाच्या पोटी जन्मला? माकडिणीच्या?”

वर्ग हसला. ती हसली नाही. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता आणि त्यांच्या वाटा साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. मग त्या पूर्वजाच्या पोटी जन्मला का?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तास संपला.

तिच्या घरी पंढरीची वारी आहे, वडिलांच्या गळ्यात माळ आहे. वर्गातल्या काही जणांना वाटलं की ती देवाधर्माच्या बाजूनं भांडतेय. ती भांडत नव्हती. ज्या ठिकाणी आमची शिकवणी नेहमी घसरते, तिथं तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह जे म्हणाले तेही मुळात याच जागेवरून आलेलं होतं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही, लिहिलेलं नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि तो शाळा-कॉलेजांतून बदलायला हवा, असा त्यांचा सूर होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर विरोध केला. तो करायलाच हवा होता. पण विरोध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर सामान्य माणसाला समजेल असं दिलं. “कुणी पाहिलं?” असं विचारणाऱ्याला आपण अडाणी ठरवून मोकळे झालो.

त्यानंतर मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे, आणि माझं म्हणणं असं आहे की भांडण देव आणि डार्विन यांच्यात नाहीच. भांडण आहे ते सजीवांच्या ‘जात’ (इंग्रजीत ‘स्पीशीज’) या शब्दाचं जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय त्याच्याशी. जात म्हणजे बंद पेटी. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जायचं तर उडीच मारावी लागणार, आणि उडी मारताना कुणीतरी पाहायला हवं होतं.

मुलांना मी आता भाषेपासून सुरुवात करून देतो. सातवाहनांच्या काळात या मुलुखात महाराष्ट्री प्राकृत चालत होती. आज आपण मराठी बोलतो. ती प्राकृत आज आपल्यासमोर कुणी बोललं तर एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे काही कळणार नाही. १२९० सालची ज्ञानेश्वरीसुद्धा टिपा घेतल्याशिवाय पुरती उमगत नाही. पण मधल्या दोन हजार वर्षांत अशी एकही आई झाली नाही, जी प्राकृतात बोलली आणि जिच्या लेकरानं मराठीत उत्तर दिलं. प्रत्येक आईला तिच्या लेकराचं बोलणं समजत होतं. मग पहिली मराठी बोलणारी बाई कोण? या प्रश्नाला उत्तर नाही. ते अजून सापडायचंय असं नव्हे, प्रश्नच बसत नाही. मराठी मात्र झाली आहे, त्यात शंका नाही.

सजीवांचंही असंच आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्येक आईनं आपल्याच जातीचं पिल्लू जन्माला घातलं. माणसाच्या मागच्या लाखो पिढ्यांत एकही आई अशी नव्हती जिला आपलं मूल परकं वाटलं असेल. तरी दोन टोकं वेगळी झाली. बदलते ती एकट्यादुकट्याची जात नव्हे, बदलते ती वस्ती. एखादी वस्ती नदीनं, डोंगरानं, समुद्रानं दुभंगते. दोन्हीकडे पिढ्या जातात. इकडे एक बारीकसा बदल टिकतो, तिकडे दुसरा टिकतो. हजारो पिढ्यांनी दोघी पुन्हा समोरासमोर आल्या तर कधी मिसळून जातात, कधी एकमेकींना ओळखतच नाहीत. ओळखत नाहीत, तेव्हा जीवशास्त्र म्हणतं, जातिउद्भव झाला.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक पाहुणा दाखवतो. दसऱ्याच्या आगेमागे आमच्या शाळेच्या आवारातल्या आंब्यावर एक पक्षी येतो. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, डोळ्यावर भुवईसारखी फिकट रेघ, पंखावर जेमतेम दिसेल असा एक पट्टा. तो क्षणभर एका जागी ठरत नाही. पानाआडून ‘चिस्विट, चिस्विट’ ऐकू येतं, तेवढ्यानंच तो आल्याचं कळतं. पर्णवटवट्यांपैकी हा हिरवट पर्णवटवट्या. थंडीभर आपल्याकडे राहतो आणि उन्हाळ्यात घरटं करायला उत्तरेला जातो.

त्याचं उत्तरेतलं घर पाहण्यासारखं आहे. मध्ये तिबेटचं उंच, झाडं नसलेलं पठार. हा पक्षी झाडांत राहणारा, म्हणून त्याच्या वस्त्या पठाराला वळसा घालून कड्यासारख्या पसरल्या आहेत. हिमालयातून एक हात पश्चिमेकडून तिआनशान पर्वतावरून पश्चिम सैबेरियाकडे गेला, दुसरा पूर्वेकडून चीनमार्गे पूर्व सैबेरियाकडे. कड्यावर जसजसं पुढं जावं तसतसं नराचं गाणं थोडं थोडं बदलत जातं. हिमालयात ते आखूड आणि साधं, उत्तरेकडे दोन्ही बाजूंनी लांब आणि गुंतागुंतीचं, पण दोन्ही बाजूंची गुंतागुंत निराळी. शेजारशेजारच्या वस्त्यांना एकमेकांचं गाणं चालतं. मध्य सैबेरियात मात्र दोन्ही हात एकाच रानात भेटतात, आणि तिथं ते दोन निराळ्या जातींसारखे वागतात. डॅरन अर्विन हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं एका बाजूच्या पक्ष्याला दुसऱ्या बाजूचं ध्वनिमुद्रित गाणं ऐकवलं. आपल्या हद्दीत परका नर गातोय म्हटल्यावर जो पक्षी चवताळून यायला हवा, तो आलाच नाही. ते गाणं त्याच्या लेखी त्याच्या जातीचं नव्हतंच.

या कड्यावर रेघ कुठं मारणार? हिमालयात मारा, काश्मीरजवळ मारा, चीनमध्ये मारा; कुठंही मारली तरी एकमेकांना आपलं मानणाऱ्या दोन शेजाऱ्यांमध्येच पडेल. आणि रेघ मारायचीच नाही म्हटलं, तर सैबेरियातल्या एकमेकांना न ओळखणाऱ्या पक्ष्यांना एक म्हणावं लागेल. काळात जे घडतं ते इथं जमिनीवर पसरलेलं दिसतं. २०१४ साली याच पक्ष्यांच्या जनुकांची बारकाईनं तपासणी झाली, तेव्हा कळलं की कडं वाटलं होतं तितकं अखंड नव्हतं. पूर्वी ते काही ठिकाणी तुटलं होतं, आणि टोकाच्या पक्ष्यांत थोडाफार संकरही झालेला आहे. हेसुद्धा मी मुलांना सांगतो. आपली आवडती गोष्ट तपासून तिच्यात दुरुस्ती करणारी माणसं मुलांना माहीत असायला हवीत.

आणि “कुणी पाहिलं?” तर पाहिलं आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून चाळीस वर्षं पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांमधल्या डॅफ्नी मेजर या इवल्याशा बेटावर दरवर्षी जात राहिलं. तिथल्या फिंच पक्ष्यांना पकडायचं, पायात कडी घालायची, चोच मोजायची आणि सोडून द्यायचं. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या, टणक मोठ्या उरल्या. मध्यम चोचीच्या फिंचमधले बहुतेक मेले. जे जगले त्यांच्या चोची सरासरीनं दांडग्या होत्या, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीनं सुमारे अर्धा मिलिमीटर जाड भरली. १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या दुसऱ्या बेटावरून एक मोठा नर भरकटून आला. त्याचं गाणं निराळं होतं. त्यानं इथल्या मादीशी घर केलं, आणि त्याची संतती पुढं इतरांत न मिसळता आपापसांतच जुळत राहिली. तिला नवी जात म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो. पण फाटा कसा फुटतो, हे दोन माणसांनी पायाला कडी घालून, पिढीमागून पिढी, डोळ्यांनी पाहिलं.

आता धर्माकडे. आपल्याकडे दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात, आणि त्या सांगणारे चांगल्या मनानं सांगतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिली, चौऱ्याऐंशी लक्ष योनी. शास्त्रज्ञांनी २०११ साली पृथ्वीवर सुमारे ८७ लाख जाती असाव्यात असा अंदाज काढला. आपल्या पुराणांनी ८४ लाख तर केव्हाच सांगितले होते, असा निरोप मोबाइलवर दरवर्षी फिरतो. पण पुराणातली वाटणी पाहिली का? नऊ लाख जलचर, वीस लाख स्थावर, अकरा लाख कृमी, दहा लाख पक्षी, तीस लाख पशू, चार लाख मानव. पक्ष्यांच्या ज्ञात जाती आहेत अकरा हजारांच्या आसपास, आणि आज जिवंत असलेली माणसाची जात एकच. बेरीज जवळपास जुळते म्हणून टाळ्या वाजवायच्या, तर वाटणी जुळत नाही म्हणून पुराणाला खोटं ठरवावं लागेल. ते का ठरवावं? ती शिरगणती नव्हतीच. हा देह किती दुर्मीळ आहे, हे मनावर ठसवण्यासाठी मांडलेली ती अफाटता होती. शिवाय त्या कल्पनेत जीव योनी बदलतो, योनी बदलत नाहीत. भाडेकरू घर सोडून दुसऱ्या घरात जातो, घरं जिथल्या तिथं. उत्क्रांती सांगते की घरंच पिढ्यानपिढ्या बदलत आली आहेत.

दुसरी गोष्ट दशावतारांची. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे पाण्यातून जमिनीवर आणि पशूतून माणसाकडे, हीच उत्क्रांती. ऐकायला गोड आहे, मलाही लहानपणी आवडायचं. पण गोष्ट आठवून पाहा. पहिलाच अवतार मत्स्याचा, त्याच्या शिंगाला बांधलेली नाव, आणि त्या नावेत कोण बसलाय? मनू. माणूस आधीच हजर आहे. कूर्म मत्स्याचा मुलगा नाही, वराह कूर्माचा नातू नाही. प्रत्येक अवतार एका संकटासाठी येतो आणि काम करून जातो. ‘संभवामि’ यात वंश नाही, धावून येणं आहे. कोकणात जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत बघत बसलेली माणसं जीवशास्त्राचा धडा बघायला बसलेली नसतात. त्यांच्या श्रद्धेला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र जोडलं की श्रद्धेची उंची वाढत नाही, आणि उद्या विज्ञानानं एखादी दुरुस्ती केली की अवतारांचीही दुरुस्ती करावी लागते.

ख्रिस्ती जगात वाद अधिक उघडा होता, कारण तिथं ग्रंथातच देवानं प्रत्येक प्राणी ‘त्याच्या त्याच्या जातीप्रमाणे’ केला असं आहे. तरी डार्विनच्या अमेरिकेतल्या पहिल्या खंद्या पाठीराख्यांपैकी एक, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, श्रद्धाळू ख्रिस्ती होते. उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ लागत नाही, असं १९७३ साली लिहिणारे जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली मान्य केलं की उत्क्रांती हे आता नुसतं गृहीतक राहिलेलं नाही.

एवढ्यावरून “बघा, भांडण नाहीच” असं म्हणून सुटता येत नाही. श्रद्धावंताला खरा त्रास होतो तो वेगळ्या ठिकाणी, आणि तो त्रास खुद्द डार्विनला झाला होता. १८६० साली ग्रे यांनाच लिहिलेल्या पत्रात त्यानं परजीवी गांधीलमाशीचा दाखला दिला. ती जिवंत अळीच्या अंगात अंडं घालते, आणि पिल्लं त्या अळीला आतून खात वाढतात. दयाळू परमेश्वरानं हे मुद्दाम योजून केलं, यावर त्याचं मन बसेना. आमच्या वर्गाच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण मातीचं घर करते. ते फोडून पाहिलं की आत दंश करून लुळ्या केलेल्या अळ्या निघतात, आणि त्या अजून वळवळतात. डॅफ्नीवर मेलेल्या शेकडो फिंचांनी काय पाप केलं होतं? हा प्रश्न खरा आहे, जुना आहे, आणि विज्ञानाकडे त्याचं उत्तर नाही. संतांनी, बुद्धानं, बायबलमधल्या दुःख भोगणाऱ्या ईयोबच्या कथेनं त्याच्याशी झुंज घेतली. धर्माचं बळ तिथं दिसतं. चोचीची जाडी किंवा योनींची संख्या सांगण्यात ते दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक धार आहे. मराठी पाठ्यपुस्तकात ‘प्रजाती’ हा वरचा गट आणि त्याच्या पोटात ‘जाती’. वर्तमानपत्रं मात्र सर्रास ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असं छापतात, कारण ‘नवी जात’ लिहिताना हात अडखळतो. ज्या शब्दानं बेडूक मोजायचे त्याच शब्दानं आपण माणसं मोजत आलो. जन्मानं ठरते, बदलत नाही, मिसळू द्यायची नाही, अशी जी समजूत माणसांच्या जातीला चिकटली, तीच आपण नकळत बेडकाच्या जातीलाही चिकटवली. आणि मग बेडकाची जात बदलते म्हटलं की आपल्याला धक्का बसतो.

बाबासाहेब आंबेडकरांनी ही गाठ ओळखली होती. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, आणि अधिवेशनच रद्द झाल्यानं कधीच न झालेल्या भाषणात त्यांनी वंशशुद्धीवाल्यांना जीवशास्त्राच्याच भाषेत उत्तर दिलं. वंश निराळे मानणारे शास्त्रज्ञसुद्धा माणसांचे वंश म्हणजे निराळ्या जीवजाती आहेत असं म्हणत नाहीत. ते एकाच जातीचे प्रकार, त्यांच्यात संकर होतो आणि होणारी संतती वांझ नसते, असा त्यांचा मुद्दा होता. दहावीच्या मुलाला जीवजाती कशी होते हे नीट कळलं, तर हा मुद्दा त्याला स्वतःहून कळेल. माझ्या लेखी या धड्याचं मोल गुणांपलीकडचं आहे ते यासाठी.

म्हणून २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. कारण दिलं होतं कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करण्याचं. १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच की, असं उत्तर आलं. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? ज्यांना उद्या शेती करायची आहे, दुकान चालवायचं आहे, मतदान करायचं आहे, त्यांची विज्ञानाशी शेवटची भेट दहावीत होते. त्या भेटीत हा एकच विषय असा आहे जो त्यांना सांगतो की तुम्ही आणि समोरचा प्राणी एकाच घरातले आहात. राज्य मंडळाच्या पुस्तकात तो आहे, याचं मला समाधान आहे. पण तो दोन गुणांच्या व्याख्येपुरता उरला, तर असून नसल्यासारखाच.

त्या मुलीच्या वडिलांची गाठ फेब्रुवारीत, पूर्वपरीक्षेनंतरच्या पालकसभेत पडली. बाकी पालक गेल्यावर ते थांबले. “सर, पोरगी म्हणती, देवानं काही केलं न्हाई, सगळं आपोआप झालं. असं शिकवता का तुमी?”

मी म्हणालो, “नाही माउली. देवानं केलं की नाही, हे मला शिकवता येत नाही, माझ्या पुस्तकात ते नाही. कसं झालं, तेवढं शिकवतो.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कसं झालं ते मला बी सांगा.” मला पक्षी आणि बेट सुचलं, पण मी विचारलं, “रानात गहू काय केलाय?” त्यांनी साधा गहू केला होता आणि बांधाकडेला घरच्या खिरीपुरती खपली.

दुसऱ्या दिवशी मुलगी दोन्हीच्या ओंब्या घेऊन आली. साधा गहू तळहातावर चोळला की दाणा सुटून कोंडा उडतो. खपली चोळली की तुटते, पण दाणा टरफल सोडत नाही. म्हणून तर आज्या उखळात घालून कांडत बसायच्या. खपलीत गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, २८. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेच्या बाजूला, कुणा शेतकऱ्याच्या रानात २८ गुणसूत्रांच्या अशाच गव्हाचा तिथल्या एका रानगवताशी संकर झाला. गवताची गुणसूत्रं १४. संकराला मिळाली दोघांची निम्मी निम्मी, म्हणजे २१. जोडी जमेना, त्यामुळे असं रोप सहसा वांझ. पण कुठंतरी सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली, ४२ झाली, जोड्या जमल्या, आणि आपल्या रोजच्या चपातीचा गहू जन्माला आला. इथं मात्र लाखो वर्षं लागली नाहीत, चार-दोन पिढ्यांत काम झालं. नवी जात बहुधा हळूहळू होते, पण कधी अशीही होते, आणि ती आपल्या डब्यात असते.

तिनं खपलीचा एक दाणा टरफलासकट उचलला, दुसऱ्या हातात साधा गहू घेतला आणि विचारलं, “सर, आज या दोघींचा संकर केला तर?”

होतो, मी म्हणालो. गुणसूत्रं भरतात ३५, सात एकटीच राहतात, आणि बरेचसे दाणे पोचट निघतात.

“बरेचसे म्हणजे सगळे नाहीत,” ती म्हणाली.

सगळे नाहीत.